मदत हवी आहे : मुलीला अमेरिकेतील महाविद्यालयीन महिला बास्केटबॉलमध्ये प्रशिक्षक व्हायचे आहे

नमस्कार.

आम्ही गेली सव्वीस वर्षे ओहायो राज्यात राहतो. आमची धाकटी मुलगी या मे महिन्यात पदवीधर होईल. संख्याशास्त्र हा तिचा मुख्य विषय असून चारही वर्षे ती महाविद्यालयाच्या संघातून पॉइंट गार्ड (चेंडू पुढे नेऊन चाल रचणारी खेळाडू) म्हणून खेळली. तिचे महाविद्यालय एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या तिसऱ्या, म्हणजे सर्वांत खालच्या डिव्हिजनमध्ये मोडते. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती दिली जात नाही, त्यामुळे ती खेळली ती निव्वळ आवडीपोटी. आता तिच्या हातात दोन पत्रे आहेत. एक आहे विमा कंपनीतल्या चांगल्या पगाराच्या नोकरीचे. दुसरे आहे पहिल्या डिव्हिजनमधील एका मध्यम आकाराच्या विद्यापीठाकडून आलेले, महिला संघाबरोबर दोन वर्षे ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे शिकता शिकता प्रशिक्षकांच्या हाताखाली मदतनीस, म्हणून काम करण्याचे. त्यात पदव्युत्तर शिक्षणाची फी माफ होईल आणि जेमतेम घरभाडे भागेल एवढे विद्यावेतन मिळेल. तीन आठवड्यांत उत्तर द्यायचे आहे. तिला पुढे हेड कोच (मुख्य प्रशिक्षक) व्हायचे आहे आणि हे ती दहावीपासून सांगत आली आहे.

मी स्वतः सांगलीत महाविद्यालयात असताना बास्केटबॉल खेळले आहे. सिमेंटचे मैदान होते, सामन्याच्या सकाळी आम्हीच फक्कीने रेषा आखत असू, आणि आम्हाला शिकवणारे सर कबड्डी, खो-खो आणि मैदानी स्पर्धांचेही सर होते. प्रशिक्षण हा स्वतंत्र, पूर्ण वेळेचा पेशा असू शकतो हे मला इथे आल्यावर कळले. त्यामुळे या विषयात मुलीला सल्ला देताना माझ्या अनुभवाचा उपयोग होत नाही, आणि तिचे बाबा तर ‘छंद आणि चरितार्थ वेगळे ठेवावेत’ या मतावर ठाम आहेत. घरात रोज रात्री हाच विषय निघतो.

मुलगी प्रत्येक वेळी पॅट समिट यांचे उदाहरण देते. त्यांची गोष्ट खरोखरच विलक्षण आहे. १९७४ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्या टेनेसी विद्यापीठात ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून रुजू होणार होत्या. तेवढ्यात हेड कोच असलेल्या बाई रजेवर गेल्या आणि संघ थेट यांच्याच हाती आला. महिन्याला २५० डॉलर मिळत. संघाची गाडी त्याच चालवत आणि खेळाडूंचे कपडेही त्याच धूत. ते कपडे आदल्या वर्षी डोनट विकून जमवलेल्या पैशांतून घेतलेले होते. संघातल्या काही मुली त्यांच्यापेक्षा जेमतेम एका वर्षाने लहान होत्या. पहिला सामना एका गुणाने गेला. २०१२ मध्ये, अकाली जडलेल्या अल्झायमरमुळे त्या निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांच्या नावावर १,०९८ विजय आणि आठ राष्ट्रीय विजेतेपदे होती. विजयांपेक्षाही मला भावते ती एक गोष्ट : ज्या ज्या मुली त्यांच्या संघात आपली पूर्ण मुदत खेळल्या, त्या सगळ्या पदवी घेऊन बाहेर पडल्या.

हे सारे खरे असले तरी आई म्हणून माझ्या मनात शंका येते ती अशी, की समिट यांना शिडी चढावीच लागली नाही, कारण तेव्हा शिडीच नव्हती. शिक्षणात लिंगभेद करण्यास मनाई करणारा टायटल नाइन हा कायदा १९७२ चा. एनसीएएने महिलांची पहिली बास्केटबॉल स्पर्धा भरवली ती १९८२ मध्ये. मधल्या काळात महिलांचा संघ सांभाळणे हे कोणाला हवेसे वाटणारे काम नव्हते, म्हणून ते बावीस वर्षांच्या मुलीकडे सोपवले गेले. साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या महिला संघाच्या हेड कोच डॉन स्टेली यांच्या २०२५ च्या करारात वर्षाला सुमारे ४० लाख डॉलर ठरले. जिथे एवढा पैसा आणि मान आला, तिथे रांगही तेवढीच लांब असणार. शिवाय १९७२ च्या सुमारास महिलांच्या संघांच्या प्रशिक्षकांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या; सर्व खेळ मिळून पाहिले तर हे प्रमाण आता निम्म्याहूनही खाली आहे. पगार वाढले तसे पुरुषही या जागांसाठी अर्ज करू लागले.

समिट यांच्याच कार्यालयातले दुसरे उदाहरण मला अधिक विचारात पाडते. हॉली वॉरलिक या त्यांच्या संघाच्या खेळाडू. १९८५ मध्ये त्या तिथेच सहायक प्रशिक्षक झाल्या आणि हेड कोच झाल्या त्या २०१२ मध्ये, म्हणजे सत्तावीस हंगामांनंतर. पुढे सात हंगामांनी, २०१९ मध्ये, त्यांना पदावरून दूर करण्यात आले. मुलीला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “आई, पण ती सत्तावीस वर्षं वाया गेली असं त्यांना वाटलं असेल का?” मला उत्तर देता आले नाही.

ती या कामात किती रमते हे मी पाहिले आहे. नाताळच्या सुट्टीत घरी आली होती तेव्हा जेवणाच्या टेबलावर पाच वाट्या मांडून ती मला दोन-तीनचा झोन बचाव समजावत होती. पुढे दोन वाट्या, मागे तीन. चेंडू कोपऱ्यात गेला की कोणती वाटी किती सरकायची आणि मधली वाटी जागची हलली तर टोपलीखाली कशी वाट मोकळी होते, हे दाखवता दाखवता आमटी निवून गेली. चार वर्षांत तिच्या स्वतःच्या गुणांविषयी ती माझ्याशी एवढे कधी बोलली नव्हती.

म्हणून माझा प्रश्न ‘तिने हे करावे की नाही’ असा नाही. ग्रॅज्युएट असिस्टंट आणि हेड कोच यांच्या मधली वर्षे प्रत्यक्षात कशी असतात, हे मला जाणून घ्यायचे आहे. मधल्या पायऱ्या कोणत्या, त्यांवर माणूस कशामुळे अडकतो, आणि होकार देण्यापूर्वी तिने त्या विद्यापीठाला नेमके काय विचारावे? तिचा जन्म इथलाच असल्यामुळे व्हिसाचा प्रश्न नाही. या क्षेत्रात असलेल्या किंवा ते जवळून पाहिलेल्या कोणीही सविस्तर लिहिले तर फार मदत होईल.

प्रतिसाद १

ताई, मी गेली अकरा वर्षे एका विद्यापीठाच्या क्रीडा विभागात नियमपालनाचे काम पाहतो. प्रशिक्षकांची नेमणूक, त्यांचे करार आणि खेळाडू निवडीचे वेळापत्रक ही सारी कागदपत्रे माझ्या टेबलावरून जातात, म्हणून जे रोज पाहतो तेवढेच लिहितो.

पायऱ्या साधारण अशा आहेत. ग्रॅज्युएट असिस्टंटनंतर व्हिडिओ समन्वयक किंवा संघाच्या व्यवस्थेची प्रमुख, मग सहायक प्रशिक्षक, मग असोसिएट हेड कोच. यांतली पहिली उडी सर्वांत अवघड असते, कारण सहायकांच्या जागा मोजक्या असतात. २०२३ पासून पहिल्या डिव्हिजनच्या बास्केटबॉल संघांना सराव घेऊ शकणारे आणखी दोन प्रशिक्षक नेमण्याची मुभा मिळाली. मात्र ती देताना या दोघांना बाहेर जाऊन खेळाडू निवडण्याचे काम दिले गेले नाही. हा मुद्दा लहान वाटेल, पण सहायकाची किंमत ठरते ती रिक्रूटिंगवरून, म्हणजे खेळाडू शोधून आणण्यावरून. जुलैमध्ये व्यायामशाळांच्या बाकांवर दिवसाला आठ-दहा सामने पाहणे, मुलींच्या घरच्यांशी वर्षानुवर्षे संबंध राखणे आणि शेवटी ती मुलगी आपल्या संघात आणणे, याला पर्याय नाही. २०२१ पासून तर खेळाडूंना एक वर्ष न थांबता संघ बदलता येतो आणि स्वतःचे नाव जाहिरातींत वापरू देऊन पैसेही मिळवता येतात, त्यामुळे आणलेली मुलगी टिकवणे हेही तेवढेच मोठे काम झाले आहे.

माणूस अडकतो कशामुळे, असे आपण विचारले आहे. बहुतेक वेळा स्वतःच्या चुकीमुळे नव्हे. हेड कोच बदलला की नवा माणूस स्वतःची माणसे घेऊन येतो आणि जुन्या सहायकांना एप्रिलमध्ये घर आवरावे लागते. म्हणून पहिला प्रश्न विचारावा तो हेड कोचच्या कराराची किती वर्षे उरली आहेत याचा. सरकारी विद्यापीठ असेल तर ही माहिती सार्वजनिक असते, विचारण्यात संकोच नको. दुसरे म्हणजे, गेल्या पाच-सहा वर्षांत तिथे ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून राहिलेल्या मुली आज कुठे आहेत हे विचारावे आणि त्यांतल्या किमान दोघींशी मुलीने स्वतः बोलावे. ज्या हेड कोच आपल्या हाताखालच्या मुलींसाठी फोन उचलतात, त्यांच्या मुली तिसऱ्या वर्षी कुठेतरी सहायक झालेल्या दिसतात. तिसरे, तिला मैदानावर उभे राहू देणार आहेत की दोन वर्षे फक्त प्रतिस्पर्ध्यांच्या चित्रफिती कापायला बसवणार आहेत, हे आधीच स्पष्ट करून घ्यावे. चित्रफितींचे काम कमी दर्जाचे आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. संख्याशास्त्र शिकलेली मुलगी त्यात उठून दिसेल. पण उद्या कोणी ‘तू कोणाला शिकवलेस?’ असे विचारले तर उत्तर असायला हवे.

आणखी एक मार्ग मी आवर्जून सुचवीन. लिसा ब्लूडर यांनी सुरुवात केली ती १९८४ मध्ये, आयोवातल्या सेंट अँब्रोज या छोट्या महाविद्यालयात, आणि तीही हेड कोच म्हणून. तिथून १९९० मध्ये ड्रेक विद्यापीठ, २००० मध्ये आयोवा विद्यापीठ, आणि २०२३ व २०२४ अशी सलग दोन वर्षे राष्ट्रीय अंतिम सामना. तिसऱ्या डिव्हिजनच्या महाविद्यालयांत हेड कोचला बऱ्याचदा दुसरी जबाबदारीही उचलावी लागते आणि पगार बेताचा असतो, परंतु निर्णय स्वतःचे असतात. आपली मुलगी त्याच वातावरणात चार वर्षे वाढली आहे, ही तिची जमेची बाजू आहे. पदव्युत्तर पदवी झाल्यावर अशा जागेसाठी अर्ज करणे अवास्तव नाही.

आपण समिट आणि वॉरलिक यांच्याबद्दल लिहिलेत, म्हणून स्टॅनफर्डच्या महिला संघाच्या हेड कोच राहिलेल्या टॅरा व्हॅनडरव्हिअर यांचेही सांगतो. शिक्षण संपल्यावर त्या काही काळ घरी बसून होत्या आणि आईवडिलांनीच त्यांना धाकट्या बहिणीच्या शाळेच्या संघाकडे पाठवले. त्यानंतर त्यांनी वीस ठिकाणी अर्ज केले. उत्तरे आली दोन. त्यांतले एक आपल्याच ओहायो स्टेटचे होते. पुढे स्टॅनफर्डमध्येही पहिल्या दोन हंगामांत त्यांचे विजय पराभवांपेक्षा जास्त नव्हते. त्या २०२४ मध्ये १,२१६ विजयांनिशी निवृत्त झाल्या. यातून मुलीच्या बाबांचे मन वळेलच असे नाही, पण सुरुवातीची काही वर्षे पाहून निकाल लावू नये एवढे त्यांना नक्की सांगा.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादात सारे आलेच आहे, तरी एक व्यवहाराची गोष्ट लिहिते. माझी भाची सॉफ्टबॉलमध्ये याच वाटेने गेली. विद्यावेतनात आरोग्य विमा धरलेला असतोच असे नाही, तेव्हा तो आधी विचारावा. नसेल तर सव्विसाव्या वर्षापर्यंत तिला तुमच्या विम्यात ठेवता येईल. आणि महिला बास्केटबॉल प्रशिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेचे अधिवेशन दर वर्षी फायनल फोरच्या (राष्ट्रीय स्पर्धेतल्या शेवटच्या चार संघांच्या सामन्यांच्या) वेळी, त्याच शहरात भरते. खेळ संपवून प्रशिक्षणाकडे वळू पाहणाऱ्या मुलींसाठी तिथे वेगळा कार्यक्रम असतो. नोकऱ्यांची बोलणी त्याच दिवसांत होतात, म्हणून जमेल तेव्हा तिने तिथे जाऊन यावे. हंगामात तिचा फोन येणार नाही याची मात्र तुम्ही तयारी ठेवा. नोव्हेंबर ते मार्च माझी बहीण मुलीला फक्त तिच्या संघाच्या सामन्यांच्या प्रक्षेपणात, बाकाच्या टोकाला बसलेली पाहत असे.

धागाकर्ती

आपण दोघांनी एवढा वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. कराराच्या मुदतीचा मुद्दा आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आला नव्हता. काल रात्री मुलीला फोनवर दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले, तेव्हा तिचे बाबाही शेजारी येऊन बसले आणि त्यांनी पहिला प्रश्न विमा आहे का, हाच विचारला. गुरुवारी त्या हेड कोचशी तिचे बोलणे ठरले आहे. आधीच्या ग्रॅज्युएट असिस्टंट मुलींपैकी दोघींचे संपर्क तिने मागवले आहेत, आणि आपल्या महाविद्यालयाच्या प्रशिक्षक बाईंनाही ती छोट्या महाविद्यालयांतील जागांबद्दल विचारणार आहे. तिचे बोलणे झाल्यावर काय ठरले ते इथेच लिहीन.