नवा विमानतळ ७० किलोमीटर लांब नेला तर चालेल का?

अर्धवट आराखडा

नगररचनेच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी एक काल्पनिक महानगर घेतलंय. वस्ती दोन कोटी, मधोमध जुना विमानतळ, एकच धावपट्टी आणि चारी बाजूंनी कुंपणाला टेकलेली घरं. वाढवायला इंचभर जागा नाही. वर्षाला दोन कोटी प्रवासी, म्हणजे भरलेलाच.

नव्या विमानतळासाठी तीन जागा काढल्या. २५ किमीवर खाडीकाठची दलदल, ४५ किमीवर शेतजमीन (दाट वस्तीची गावं) आणि ७० किमीवर एक पठार. पठाराची उंची ६०० मीटर, सलग ४,००० हेक्टर, माणसं तुरळक. गुणांच्या तक्त्यात पठार बाकी दोघांना कोसभर मागे टाकतं. जुन्यावर देशांतर्गत उड्डाणं ठेवायची आणि आंतरराष्ट्रीय सगळी पठारावर न्यायची, असा माझा प्रस्ताव.

मार्गदर्शक मॅडमनी तक्ता पाहिला, "छान आहे" म्हणाल्या आणि विचारलं, "पण तिथं जाणार कोण?" तेव्हापासून घोडं अडलंय. माझं नक्की चुकतंय कुठे?

खिडकीची सीट

काही चुकत नाहीये. विमानतळ लांबच हवा, नाहीतर वीस वर्षांत शहर पुन्हा त्याला वेढणार. अमेरिकेतलं डेन्व्हर बघा. शहराबाहेर मोकळ्या माळावर १३७ चौरस किमी जागा घेतली आणि मस्त चाललंय. मॅडमना हेच सांगा.

वाऱ्याची पिशवी

सांगू नका, मॅडम पुढचा प्रश्न विचारतील आणि पंचाईत होईल.

डेन्व्हरचा नवा विमानतळ २८ फेब्रुवारी १९९५ ला सुरू झाला आणि जुना स्टेपलटन त्याच सुमारास बंद केला. प्रवाशाला निवड करायची सोयच ठेवली नाही. नवा चालला तो त्यामुळे, माळ मोकळा होता म्हणून नव्हे.

मी एकोणीस वर्षं विमानतळांचे प्राथमिक अहवाल लिहिले. त्यातले बरेचसे कपाटातच राहिले, त्यामुळे माझं बोलणं थोडं कडवट वाटेल ते चालवून घ्या. तुमचा प्रस्ताव एका देशाने शब्दशः करून पाहिला आहे. कॅनडातल्या मॉन्ट्रिअलचा मिराबेल विमानतळ, १९७५. साधारण ९७,००० एकर जमीन सक्तीने घेतली. शहराच्या मध्यापासून अंतर ५५ किमीच्या आसपास, तुमच्यापेक्षा कमीच. आंतरराष्ट्रीय उड्डाणं मिराबेलला नेली, देशांतर्गत जुन्या डोरव्हालला ठेवली. आता समजा तुम्ही व्हँकूव्हरहून पॅरिसला निघालात. डोरव्हालला उतरा, पट्ट्यावरून बॅगा उचला, बस पकडा, दुसऱ्या विमानतळावर पुन्हा रांगेत उभे राहा. कोण करील हा उपद्व्याप? लोक टोरांटोमार्गे जायला लागले. विमानंही लांब पल्ल्याची झाली होती, त्यांना मॉन्ट्रिअलला थांबायची गरज उरली नव्हती. शहरापासून यायची ती वेगवान रेल्वे तर आलीच नाही. १९९७ ला आंतरराष्ट्रीय उड्डाणं परत डोरव्हालला गेली. शेवटचं प्रवासी विमान ३१ ऑक्टोबर २००४ ला उडालं आणि २०१४ मध्ये टर्मिनल पाडायला घेतलं. आज तिथे मालवाहतूक चालते आणि विमानं बनतात.

तुम्ही जागा निवडण्यात तीन महिने घातले असतील. जुन्या विमानतळाचं काय करायचं यावर किती ओळी लिहिल्यात? माझा अंदाज, एक.

आणि पुढच्या वर्षांतल्या प्रवाशांचा अंदाज तुम्ही कुठून आणलात तेही बघा. माझ्या पहिल्या अहवालात मी तक्त्याच्या एका चौकोनात वार्षिक वाढ ७ टक्के भरली होती. साहेब चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले. "८ टाक बघू." टाकले. २ कोटी प्रवासी २५ वर्षांत ७ टक्क्यांनी १०.९ कोटी होतात, ८ टक्क्यांनी १३.७ कोटी. चहा निवायच्या आत पावणेतीन कोटींहून जास्त माणसं जन्माला आली आणि त्यांच्यासाठी तिसरी धावपट्टी लागली. साहेब लबाड नव्हते हो. त्यांना वरून तीन धावपट्ट्यांचा नकाशा आधीच आला होता.

अर्धवट आराखडा

एकच ओळ आहे. :-( "देशांतर्गत वापरासाठी कायम ठेवावा."

मग काय, जुना बंदच करायचा? तिथे हजारो माणसं कामाला आहेत, आजूबाजूला हॉटेलं, कार्यालयं आहेत. आणि शहरातला माणूस दीड तासाच्या प्रवासाला तयार होईल?

वाऱ्याची पिशवी

बंद करा असं माझं म्हणणं नाही. ठरवा, एवढंच. हाँगकाँगने ठरवलं. १९९८ च्या ६ जुलैला जुना काई ताक बंद होऊन नवा विमानतळ सुरू झाला, सामान रातोरात हललं, आणि शहरातून थेट येणारी रेल्वे त्याच दिवशी चालू झाली. मला या सगळ्यात तेवढंच महत्त्वाचं वाटतं. टोकियोचा नारिता १९७८ ला उघडला, पण रेल्वे टर्मिनलच्या पोटात शिरायला १९९१ उजाडलं. मधली तेरा वर्षं लोकांनी जे काय म्हटलं असेल ते म्हटलं असेल.

जुना चालू ठेवायचा असेल तर त्याला लगाम लागतो, आणि लगाम कायद्याचा लागतो. वॉशिंग्टनचा डलेस १९६२ चा. शहराजवळचा नॅशनल चालूच राहिला आणि डलेस कित्येक वर्षं ओसच होता. नॅशनलवरून किती लांब उडता येईल यावर मर्यादा आहे, आज ती १,२५० मैल, आणि अपवाद अमेरिकेच्या संसदेत मंजूर करून घ्यावे लागतात. इटलीत मिलानलाही १९९८ मध्ये माल्पेन्सा मोठा केला, पण जवळचा लिनाते लोकांना सोडवेना. २००८ ला अलितालिया या इटलीच्या विमान कंपनीने आपली बरीचशी उड्डाणं माल्पेन्सातून काढून रोमला नेली.

दोन अर्धे विमानतळ मिळून एक पूर्ण होत नाही. जोड-उड्डाण घेणारा प्रवासी एकाच छपराखाली राहिला पाहिजे. सीमारेषा आखायचीच तर देशी-परदेशी अशी आखू नका. जुन्यावर फक्त थेट, छोट्या पल्ल्याची उड्डाणं ठेवा आणि जोडणी लागणारं सगळं नव्यावर न्या.

मोजणीदार

जमिनीबद्दल कोणीच बोलत नाहीये म्हणून लिहितो. "तुरळक वस्ती" हे तक्त्यात बरं दिसतं. माझ्या मामाचं शेत असल्याच एका प्रस्तावित विमानतळाच्या नकाशात अकरा वर्षं होतं. संपादन झालं नाही, रद्दही झालं नाही. विकायला काढलं की गिऱ्हाईक नकाशा बघून परत जाई. कर्ज मिळेना. विहिरीचं दगडी बांधकाम अर्ध्यावर थांबवलं, कारण उद्या घेतलंच तर पैसा पाण्यात. शेवटी विमानतळ दुसरीकडे गेला. विहीर अजून तशीच आहे, वरच्या चार थरांत पिंपळ उगवलाय.

वर नारिताचं नाव आलंय. तिथे १९६६ ला जागा ठरवताना शेतकऱ्यांना विचारलंच नव्हतं. उद्घाटनाच्या चार दिवस आधी, २६ मार्च १९७८ ला, आंदोलक नियंत्रण मनोऱ्यात घुसले, यंत्रं फोडली आणि उद्घाटन मेपर्यंत लांबलं. दुसरी धावपट्टी २००२ ला आली तीही आखूड, २,१८० मीटरची, कारण मधली जमीन मिळाली नाही. तुमच्या गुणांच्या तक्त्यात या चोवीस वर्षांना किती गुण?

वाऱ्याची पिशवी

मोजणीदार, पटलं. जमीन मोठी राखून ठेवा आणि बांधकाम टप्प्याटप्प्याने करा, असं आम्ही प्रत्येक अहवालात बिनधास्त लिहायचो. राखून ठेवणं म्हणजे कोणाची तरी विहीर अर्ध्यावर थांबणं, हे त्या वाक्यात कुठेच नसायचं. आराखडेबुवा, राखीव जमिनीला मुदत घाला, आणि मुदत संपली की आपोआप सुटेल असं लिहा.

आता पठाराकडे वळू. धावपट्टीची लांबी किती धरलीत, आणि सर्वांत उष्ण महिन्यात दिवसाच्या कमाल तापमानाची सरासरी किती येते?

अर्धवट आराखडा

लांबी ३,००० मीटर, तिन्ही जागांना सारखीच. सरासरी ३३ अंश.

वाऱ्याची पिशवी

सारखीच कशी? हवा विरळ आणि गरम असली की विमानाला जास्त धावावं लागतं. ढोबळ नियम: दर ३०० मीटर उंचीला ७ टक्के. तुमचे ६०० मीटर, म्हणजे १४ टक्के. ३,००० चे ३,४२० झाले. वर तापमान. त्या उंचीला प्रमाण तापमान ११ अंश धरतात, तुमचे ३३, फरक २२. प्रत्येक अंशाला १ टक्का. झाले साधारण ४,१७० मीटर. आणि दोन्ही मिळून वाढ ३५ टक्क्यांच्या वर गेली की ढोबळ नियम चालत नाही, वेगळा अभ्यास करावा लागतो. समांतर धावपट्ट्यांवर एकाच वेळी स्वतंत्रपणे विमानं उतरवायची तर दोन्हींमध्ये किमान १,०३५ मीटर अंतर हवं. नकाशावर हे बसवून बघा, सलग ४,००० हेक्टर एवढे सलग राहतात का ते कळेल.

दलदलीला कमी गुण दिलेत ते ठीक, भराव आणि पक्षी दोन्ही डोकेदुखी आहेत. पण ४५ किमीची जागा तुम्ही फार पटकन सोडलीत.

अजून एक. धावपट्टीची दिशा कशावरून ठरवली? आडवा वारा मर्यादेत राहून निदान ९५ टक्के वेळ धावपट्टी वापरता यायला हवी. त्यासाठी वाऱ्याच्या नोंदी शक्यतो पाच वर्षांच्या, दिवसातून आठ वेळा घेतलेल्या लागतात. पठारावर हवामान केंद्र आहे?

अर्धवट आराखडा

नाही. शहरातल्या जुन्या विमानतळाच्या नोंदी वापरल्या.

वाऱ्याची पिशवी

सत्तर किलोमीटर लांबच्या, आणि सहाशे मीटर खालच्या. धावपट्टी पेन्सिलने काढली आहे ना?

अर्धवट आराखडा

शाईने. लॅमिनेशन पण केलंय.