मदत हवी आहे: 'म्हणाला'चं इंग्रजी नक्की कोणतं?

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. मुलगी आठवीत, सेमीला. रात्री तिच्या वह्या बघायला बसलो की माझीच परीक्षा होते.

परवा तिनं 'सिन्स टू इयर्स' लिहिलं, बाईंनी लाल गोल केला. आता 'दोन वर्षांपासून'चं तेच होणार ना? बरंच डोकं खाजवल्यावर उमगलं, की सुरुवात कधी झाली ते सांगायचं तर 'सिन्स २०१९', आणि किती काळ ते सांगायचं तर 'फॉर टू इयर्स'. मराठीत दोन्हीकडे 'पासून' चालून जातं, घोळ तिथंच. 'लेंड' आणि 'बॉरो', म्हणजे उसनं देणं-घेणं, ते मात्र पटकन बसलं. उधारीची वही रोजचीच!

आता अडलंय 'से' आणि 'टेल'वर. 'तो मला म्हणाला'चं तिनं 'ही सेड मी' केलं, ते चूक. 'टोल्ड मी' बरोबर. मग 'सेड टू मी' कसं चालतं? मधे 'टू' आला की काय बदलतं?

कुणी मराठी वाक्यं घेऊन समजावेल का? व्याख्या नकोत, त्या तिला पाठ आहेत. सोमवारी चाचणी आहे.