फिटचे प्रकार कसे ओळखायचे? बहिणीसाठी मदत हवी आहे

भांडुपची_मीरा: धाकट्या बहिणीला दोन महिन्यांपूर्वी घरी फिट आली. अंग ताठ झालं, मग हातपाय झटकत राहिले. मिनिटभरात थांबलं, पण पुढे बराच वेळ ती आम्हाला धड ओळखत नव्हती. गोळी चालू आहे. डॉक्टरांच्या कागदावर 'फोकल' लिहिलंय आणि ईईजीच्या (मेंदूच्या लहरींच्या तपासणीच्या) रिपोर्टात 'जनरलाइज्ड'. विचारलं तर "गोळ्या चुकवू नका" एवढंच म्हणाले. नेमका फरक काय? लवकर सांगा, आई रात्ररात्र तिच्या उशाशी बसते.

नंदूकाका: वय? गोळी कुठली? फिट किती वाजता आली? हे लिहिल्याशिवाय कोण काय सांगणार?

सुलभा_गिरगाव: कांदा हुंगवला का? आमच्या चाळीत हातात लोखंडी किल्ली देतात, लगेच उतरते.

वॉर्डातली_सिस्टर: सुलभाताई, कृपा करून असं सुचवू नका. बहुतेक फिट एक-दोन मिनिटांत आपोआप थांबते, आणि नाव होतं किल्लीचं. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या पुढे गेली की 108.

सुलभा_गिरगाव: मग आमच्या वहिनीला गुण आला तो खोटा का?

वॉर्डातली_सिस्टर: गुण वेळेचा, ताई. इथे विचारलेला प्रश्न वेगळा आहे. मीरा, फोकल म्हणजे मेंदूच्या एका भागातून सुरू होणारी. कुणाचा एकच हात उडतो, कुणी ओठ चावत, कपडे चाचपत मिनिटभर हरवतं. जनरलाइज्ड सुरुवातीपासून दोन्ही बाजूंना असते. फोकल पुढे सगळ्या मेंदूत पसरली तर बघणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून सुरुवात कशी झाली ते महत्त्वाचं.

आरवची_आई: माझ्या मुलाच्या बाई म्हणायच्या, वर्गात लक्ष नसतं. दहा सेकंद नुसता टक लावून बघायचा, मग जिथे थांबला तिथून वाक्य पुढे. दिवसातून कितीतरी वेळा. डॉक्टरांनी भिरभिऱ्यावर जोरजोरात फुंकर मारायला लावली, तर तिथेच आली! त्याला ॲब्सेन्स म्हणतात. मीरा, तुमच्याकडे तेच असणार.

नंदूकाका: अहो, तिला हातपाय झटकणारी फिट आली म्हणून लिहिलंय. मीरा, माझ्या प्रश्नांचं काय?

भांडुपची_मीरा: सॉरी काका. 17 वर्षं, बारावी. सकाळी सव्वासहाला आली, आदल्या रात्री दोनपर्यंत अभ्यास करत होती. गोळी कार्बामाझेपिन.

नंदूकाका: उठल्या उठल्या हात झटकतात का? ब्रश, कप हातातून उडतो?

भांडुपची_मीरा: हो! वर्षभर चालू आहे. दोन कप फुटले. आम्ही तिला धांदरट म्हणून ओरडायचो. गोळी सुरू झाल्यापासून जास्त होतंय. डॉक्टरांना सांगितलंच नाही, ते फिटमध्ये धरतात हे कुठे माहीत होतं?

नंदूकाका: माझ्या भाचीचं अगदी हेच. हे झटके मायोक्लोनिक असू शकतात. क्षणभराचे असतात, शुद्ध जात नाही, म्हणून घरात कुणी मनावर घेत नाही. या वयात सकाळचे झटके, जागरणानंतर मोठी फिट, वर ईईजी जनरलाइज्ड, म्हणजे जुवेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सीचा, म्हणजे किशोरवयात सुरू होणाऱ्या अशा झटक्यांच्या फिटचा, विचार करतात. कार्बामाझेपिनने असे झटके वाढू शकतात. उद्याच फोन करून सांगा. पण गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, एकदम तोडली तर मोठी फिट येऊ शकते.

वॉर्डातली_सिस्टर: काकांशी सहमत. झटक्यांचा व्हिडिओ काढून न्या. गोळी बदलून व्हॅल्प्रोएट हे फिटचं दुसरं औषध सुचवलं तर मुलगी आहे म्हणून नीट विचारा, पुढे गरोदरपणी बाळाला धोका असतो. दुसरे पर्याय आहेत.

विरार_लोकल: मुलगी आहे तर बाहेर बोलू नका. लग्नाला अडचण येते.

आरवची_आई: 17 वर्षांच्या पोरीचं लग्न कुणी काढलं? आणि हिंदू विवाह कायद्यात लग्नाला अडसर म्हणून अपस्मार, म्हणजे फिटचा आजार, होता, तो 1999 मध्येच काढून टाकलाय. शाळेत-कॉलेजात माहीत असलं तर निदान कुणी चप्पल तरी हुंगवणार नाही.

सुलभा_गिरगाव: चप्पल मी म्हटलं नव्हतं. पोरीला बरं वाटू दे.

भांडुपची_मीरा: आज सकाळी व्हिडिओ मिळाला. चहाचा कप उचलताना उजवा हात दोनदा उडाला, ती पूर्ण शुद्धीत होती, माझ्याकडेच बघत होती. डॉक्टरांनी संध्याकाळी साडेपाचला बोलावलंय. आधी तिची माफी मागितली. परत आले की इथे लिहिते.