वेल्डच्या कडेला शाफ्टवर तडा : प्रीहीट (वेल्डआधी धातू तापवणे) किती आणि कसे द्यावे?

नमस्कार. ५० मिमी व्यासाच्या शाफ्टला माइल्ड स्टीलची १२ मिमी जाडीची फ्लँज (जोडणीची चकती) आर्क वेल्डिंगने जोडलेली आहे. शाफ्टच्या पोलादात कार्बन सुमारे ०.४ टक्के आहे, आणि वापरलेला वेल्डिंग रॉड साधा, ६०१३ क्रमांकाचा आहे. जोड दिसायला उत्तम आला, स्लॅग (वेल्डवर जमणारे कवच) अलगद सुटला, कुठेही छिद्र नाही. दुसऱ्या दिवशी मात्र शाफ्टच्या बाजूने, वेल्डच्या कडेला समांतर जाणारा बारीक तडा दिसला. हा तडा वेल्डमध्ये नसून त्याला लागून असलेल्या, न वितळलेल्या पट्ट्यात आहे. त्या पट्ट्यावर कानस चालवली तर ती नुसती घसरते. बोटभर अंतरावर तीच कानस व्यवस्थित लागते.

माझ्या समजुतीप्रमाणे हा पट्टा वितळला नसला तरी सुमारे ७२७ अंश सेल्सिअसच्या वर गेला, त्यामुळे तिथली रचना ऑस्टेनाइटची, म्हणजे तप्त पोलादात असते तशी, झाली. आणि भोवतालच्या थंड, जाड धातूने उष्णता झपाट्याने ओढून घेतल्यामुळे तिचे कठीण व ठिसूळ मार्टेन्साइटमध्ये रूपांतर झाले. थोडक्यात, पाण्यात न बुडवताच पोलादाला पाणी दिले गेले. त्यात आकसणाऱ्या वेल्डचा ताण आणि रॉडच्या लेपातील ओलाव्यातून आलेला हायड्रोजन यांची भर पडली असावी, कारण हायड्रोजनमुळे येणारे तडे जोड थंड झाल्यावर काही तासांनी, कधी दोन दिवसांनीही उघड होतात.

करंट कमी ठेवावा, म्हणजे धातू कमी तापेल, असा एक सल्ला मिळाला आहे. मला तो पटत नाही. उष्णता जितकी कमी, तितका जोड लवकर थंड होणार आणि तो पट्टा अधिकच कठीण होणार, असे मला वाटते. त्याऐवजी शाफ्ट आधी गॅस टॉर्चने २०० अंशांच्या आसपास तापवावा, भट्टीत नीट सुकवलेला, कमी हायड्रोजन देणारा ७०१८ रॉड वापरावा आणि काम संपताच जोड कोरड्या चुन्यात गाडून सावकाश थंड होऊ द्यावा, असा विचार आहे.

इथे दोन गोष्टींत मार्गदर्शन हवे आहे. एवढ्या जाडीला २०० अंश पुरतील का, आणि जोडापासून किती अंतरापर्यंत शाफ्ट तापवावा? तापमान टेम्परेचर चॉकने (ठरावीक तापमानाला ज्याची खूण वितळते अशा खडूने) पाहणार आहे, पण टॉर्चखाली पृष्ठभाग लवकर तापतो आणि गाभा थंडच राहतो, म्हणून खूण वितळल्यावर किती वेळ थांबून पुन्हा तपासावे, हे अनुभवी मंडळींनी सांगितल्यास फार उपयोग होईल.

दुसरे म्हणजे, आत्ताचा तडा ग्राइंडरने पूर्ण काढून त्याच जागी पुन्हा वेल्ड करणे योग्य ठरेल का? की तो कठीण झालेला पट्टा सगळाच खरवडून, मूळ मऊ धातू लागेपर्यंत खाली जायला हवे?