रेडी रेकनरला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

प्रश्नकर्ती:
आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाचं माहितीपत्रक मराठीत लिहायचं काम माझ्याकडे आलंय. सभासदांपैकी निम्मे साठीच्या पुढचे आहेत, त्यांना एका वाचनात कळायला हवं. मी ‘रेडी रेकनर’पाशी, म्हणजे मुद्रांक शुल्क मोजायला सरकार ठरवतं त्या घर-जमिनीच्या दरांपाशी अडले. हाताशी तीन कागद आहेत आणि तिन्हींवर वेगळा शब्द आहे. एकावर ‘शीघ्रसिद्ध गणक’, दुसऱ्यावर ‘वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता’, आणि नोंदणीनंतर मिळालेल्या सूची क्रमांक २ वर (म्हणजे दस्ताच्या सरकारी गोषवाऱ्यावर) नुसतंच ‘बाजारभाव’. हे सगळं एकच का?

शब्दांचा हट्ट करायला कारण घडलंय. शेजारच्या आजींनी त्यांच्या सूची २ मधला ‘बाजारभाव’ वाचला आणि आपल्या घराची किंमत तेवढीच, असं समजून एका दलालाला तोच आकडा सांगितला. कागद अकरा वर्षांपूर्वीचा. मुलाच्या वेळीच लक्षात आलं म्हणून निभावलं.

दस्तलेखक:
ताई, आजींची चूक नाही. सूची २ मध्ये ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ असे दोन रकाने एकाखाली एक असतात. मोबदला म्हणजे घेणाऱ्याने देणाऱ्याला द्यायची, दस्तात लिहिलेली रक्कम. बाजारभाव म्हणजे सरकारी तक्त्यातला दर त्या मिळकतीच्या क्षेत्रफळाला लावून, इमारतीचं वय बघून घसारा वजा करून, मजला वरचा असेल तर त्याची वाढ धरून काढलेलं मूल्य. बाजारात कुणी काय देईल याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. आणि ते दस्ताच्या वेळचं असतं, आजचं नव्हे.

आता तुमचा मूळ प्रश्न. ‘रेडी रेकनर’ आणि ‘वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता’ एकच. पहिला बोलण्यातला शब्द, दुसरा नियमातला. १९९५ च्या नियमांनी हे तक्ते आले. नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक यांच्या पुण्यातल्या कार्यालयाकडून ते निघतात. पूर्वी नवे दर १ जानेवारीला लागू व्हायचे, आता १ एप्रिलला. ‘वार्षिक’ म्हटलं तरी दर वर्षी बदलतातच असं नाही. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षी जुनेच दर चालू ठेवले होते, मग १ एप्रिल २०२५ पासून वाढले.

सूचीतला ‘बाजारभाव’ मात्र तक्ता नव्हे. तक्त्यात असतो तो दर, एका चौरस मीटरचा. त्या दराने हिशेब करून जे निघतं ते मूल्य. दर, मूल्य आणि किंमत हे तीन शब्द तुमच्या पत्रकात एकमेकांच्या जागी येऊ देऊ नका. अर्धा गोंधळ तिथेच मिटेल.

भाषांतरकार:
‘शीघ्रसिद्ध गणक’बद्दल थोडं लिहितो, कारण हा शब्द मला फार वर्षं खुपतोय. इंग्रजीत रेडी रेकनर म्हणजे व्यापाऱ्यांची आयत्या हिशेबाची पुस्तकं. इतक्या दराने इतके नग घेतले तर किती झाले, हे गुणाकार न करता बघून सांगायचं. आपल्याकडे तेच काम पाठांतराने व्हायचं: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, औटकी. म्हणजे मूळ कल्पना आपल्याला परकी नव्हती. पण भाषांतर करताना कल्पना बाजूला राहिली आणि ‘रेडी’चं शीघ्रसिद्ध, ‘रेकनर’चं गणक असे दोन तुकडे जोडले गेले. आज ‘गणक’ ऐकलं की लोकांना गणकयंत्र आठवतं.

शिवाय या तक्त्यात हिशेब आयता मिळतच नाही. दर मिळतो, हिशेब पुढे करावा लागतो. म्हणजे इंग्रजी नावही या वस्तूला पुरतं लागू नाही आणि आपण त्या नावाचं शब्दशः भाषांतर केलं. ‘दर तक्ता’ त्यापेक्षा कितीतरी सरळ आहे. मी तोच लिहितो.

बडोद्याहून:
आमच्याकडे याला जंत्री म्हणतात. सरकारी गुजरातीतही तोच शब्द. २०११ च्या जंत्रीतले जमिनीचे दर १५ एप्रिल २०२३ पासून दुप्पट झाले, तेव्हा बडोद्यातल्या मराठी घरांतही महिनाभर ‘जंत्री डबल झाली’ हेच बोलणं होतं. शब्द ‘यंत्र’वरून आलेला. हिंदीत जंत्री म्हणजे पंचांग, आपल्या मराठीत लांबलचक यादी. ‘नावांची जंत्री दिली’ असं आपण म्हणतोच. कोष्टक, पंचांग, यादी, सगळीकडे रकाने आहेत. मला तर वाटतं, मराठीने हा शब्द या अर्थाने घ्यायला हरकत नव्हती. छोटा आहे, तोंडात बसतो.

भाषांतरकार:
शब्द सुंदर आहे, पण उशीर झाला. मराठीत ‘जंत्री’ला आता कंटाळवाण्या यादीचा वास आहे. ‘जमिनीची जंत्री’ म्हटलं तर माणूस जमिनींची यादी समजेल.

बेळगावहून:
इकडे कन्नडमध्ये मार्गसूची दर, बोलताना गाइडन्स व्हॅल्यू. केरळात न्यायविला म्हणतात, म्हणजे न्याय्य किंमत. तमिळनाडूत मार्गदर्शक मूल्य अशा अर्थाचा शब्द आहे. प्रत्येक राज्याने नावातच आपली भूमिका सांगितलीय: कुणी वाट दाखवतो, कुणी न्याय करतो, महाराष्ट्र सांगतो की हाच बाजार.

दस्तलेखक:
अगदी मोलाचं बोललात. पण महाराष्ट्राच्या बाजूने एक सांगतो. मुद्रांक अधिनियमात बाजारमूल्याची व्याख्या आहे: खुल्या बाजारात दस्ताच्या दिवशी मिळाली असती ती किंमत किंवा दस्तात लिहिलेला मोबदला, यांपैकी जे जास्त असेल ते. म्हणजे तक्त्यापेक्षा जास्त दिलेत तर शुल्क जास्त रकमेवर, कमी दिलेत तर तक्त्याच्या मूल्यावर. तक्ता हा तळ आहे. त्याच्या खाली शुल्क उतरत नाही. मूल्य फारच चढं लागलंय असं वाटलं तर ‘अभिनिर्णय’ मागता येतो, म्हणजे मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून शुल्क ठरवून घ्यायचं. हा शब्द पत्रकात आला तर कंसात सोपा अर्थ जरूर द्या.

आणि एक विनंती. ‘सर्कल रेट’ लिहू नका. जाहिरातींतून तो शब्द इकडे शिरतोय. दिल्लीत तो बरोबर आहे, तिथे वस्त्यांचे आठ वर्ग करून सर्कल रेट लावतात. आपल्याकडे गावात ‘सर्कल’ म्हटलं की मंडळ अधिकारी. लोक दर विचारायला त्यांच्याकडे जातील.

प्रश्नकर्ती:
सर्वांचे मनापासून आभार. अजून एक शंका. सूचीत ‘आकारणी किंवा जुडी’ असाही एक रकाना आहे. ही आकारणी म्हणजे याच तक्त्याने केलेली का? आमच्या सोसायटीत काहीजण घरपट्टीलाही आकारणीच म्हणतात.

दस्तलेखक:
नाही. ती जमीन महसुलाची, सातबारावर ‘आकार’ म्हणून रुपये-पैशांत असते ती. जुडी म्हणजे इनाम जमिनीवरचा सवलतीचा सारा. आकारणी ही जुनी, फार लहान रक्कम. तिचा आणि किमतीचा मेळ बसत नाही. तरी ती मेलेली नाही. ग्रामीण भागातल्या तक्त्यात जिरायत जमिनीचे दर या आकाराच्या टप्प्यांप्रमाणेच लावलेले असतात. जास्त आकाराची जमीन ती चांगली, हे जुनं गृहीत तिथे आजही चालू आहे.

घरपट्टीचं वेगळं. मुंबईत पूर्वी ‘करयोग्य मूल्य’ होतं, घर भाड्याने दिलं तर काय येईल त्या अंदाजावर. १ एप्रिल २०१० पासून तिथे ‘भांडवली मूल्य’ आलं आणि ते रेडी रेकनरच्या दरावर काढतात. तेव्हापासून घर विकायचं नसलेल्या माणसालाही या तक्त्याशी कर्तव्य आहे. आयकरातही तो येतो. तक्त्याप्रमाणे निघालेलं मूल्य करारातल्या रकमेच्या ११० टक्क्यांच्या वर गेलं, की विकणाऱ्याचा नफा तक्त्याच्या मूल्याने मोजला जातो.

गावाकडून:
आमच्याकडे एकच शब्द, ‘सरकारी भाव’. सगळ्यांना कळतो. तोच लिहा की.

पण ‘मोबदला’ जपून वापरा. आमची जमीन रस्त्यात गेली, तेव्हा मोबदला म्हणजे भूसंपादनाची भरपाई. ती ठरवतानाही या तक्त्याचा दर बघतात आणि मागच्या तीन वर्षांतल्या चढ्या खरेदीखतांची सरासरीही बघतात, दोन्हींत जे जास्त ते धरतात. खरेदीखतं कमी रकमेची दाखवायची सवय गावाला होती. ती सरासरी खाली राहिली, आणि ते आमच्याच अंगाशी आलं.

भाषांतरकार:
‘सरकारी भाव’ला माझं एकच म्हणणं. हमीभावालाही काही भागांत सरकारी भाव म्हणतात, आणि भाव म्हटलं की सरकार त्या भावाने घेणार असं वाटतं. इथे सरकार काही विकत घेत नाही, फक्त शुल्क मोजतं. ‘सरकारी मूल्यदर’ कसा वाटतो?

प्रश्नकर्ती:
तोच घेते. पत्रकात असं लिहिलंय, बघून सांगा:

‘सरकारी मूल्यदर (बोलीत रेडी रेकनर): मुद्रांक शुल्क आणि कर मोजण्यासाठी सरकारने आपल्या भागाला ठरवून दिलेला दर. हा आपल्या घराचा विक्रीचा भाव नाही. सूची क्रमांक २ मध्ये ‘बाजारभाव’ म्हणून छापलेली रक्कम या दराने काढलेली आहे.’

दस्तलेखक:
छान आहे. शेवटच्या वाक्यात ‘दस्त नोंदला त्या वर्षीच्या दराने’ एवढं घाला. आजींसारखं कुणी जुना कागद काढून बसेल, त्याला तेवढेच शब्द लागतील.