कडी आतून लागते ना? मग दारावर बाई-बुवा कशाला?

पेठेतली_लेक

गेल्या महिन्यात बाबांना नाटकाला नेलं होतं. वय ८१, त्यात कंपवात. मध्यंतरात त्यांना स्वच्छतागृहात जायचं होतं. पुरुषांच्या दाराशी मी अडले, बायकांच्या दाराशी ते. शेवटी वड्याच्या रांगेतल्या एका अनोळखी मुलाला विनवलं, "जरा आजोबांना आत नेतोस का?" बिचाऱ्याने नेलं, हातही धुऊन आणले. बाबा मात्र पडदा पडेपर्यंत माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. पुणे महापालिकेने साधा नियम करावा. सार्वजनिक इमारतीत जिथे एक भांडं, एक दार, एक कडी अशी खोली असेल, तिथे 'स्त्रिया', 'पुरुष' काही लिहायचं नाही. 'सर्वांसाठी' एवढंच लिहायचं. आणि नव्या इमारतीत दर मजल्यावर अशी एक तरी खोली हवी. कॅलिफोर्नियात १ मार्च २०१७ पासून हाच कायदा आहे. एकावेळी एकानेच वापरायची खोली सर्वांची. ओळीने कप्पे असलेल्या मोठ्या स्वच्छतागृहांना त्यांनी हात लावलेला नाही, आपणही लावू नये.

यात नवं काय आहे? रेल्वेच्या डब्यातल्या संडासावर कुठे बाई-बुवा लिहिलेलं असतं? आणि आपल्या वाड्यांत काय होतं?

धायरीची_मनी

बाबांचं वाचून वाईट वाटलं, पण नियमाला माझा विरोध आहे. आणि वाड्याचं कौतुक तर अजिबात नको. माझी आजी नारायण पेठेतल्या वाड्यात राहायची. सामायिक संडासाला पहाटे चारला जायची, पुरुष उठायच्या आत. आवडीने जायची का? दिवसभर पोट दाबून बसायची म्हातारी.

ताई, लहान कचेऱ्यांमध्ये तुम्ही म्हणता तशी एका भांड्याची खोली बहुतेक वेळा बायकांची असते. पुरुषांना मुतारी वेगळी असतेच. ती एकुलती एक खोली 'सर्वांसाठी' झाली की पुरुषांची दोन झाली आणि बायकांची शून्य. वर ओलं भांडं आम्ही पुसायचं. याच शहरात २०१६ मध्ये जुन्या बसगाड्यांमध्ये बायकांसाठी 'ती' नावाची स्वच्छतागृहं उभारावी लागली, ती काय चैन होती? आणि परदेशाचंच बघायचं तर इंग्लंड बघा. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे नव्या बिगरनिवासी इमारतींत स्त्री-पुरुषांची स्वच्छतागृहं वेगळी हवीत, असा नियम झालाय.

पेठेतली_लेक

इंग्लंडचा नियम अर्धाच सांगितलात. स्त्री-पुरुषांची वेगळी हवीत हे खरं, पण जागा असेल तर त्यांच्या जोडीला पूर्ण बंदिस्त, आत बेसिन असलेली सर्वांसाठीची खोली बांधता येते. आणि जागाच नसेल तर वेगळ्यांच्या ऐवजी नुसत्या अशा खोल्या चालतात. माझं म्हणणं याहून फार लांब नाही.

आजीचा मुद्दा मात्र लागला. वाड्याचं वाक्य मागे घेते.

अर्धा_कटिंग

पाट्या हा पुण्याचा हातखंडा, त्यामुळे ते काम चोख होईल यात शंका नाही. नळाला पाणी आणि दाराला कडी कोण देणार तेवढं सांगा. काल एका सरकारी कार्यालयात एका हाताने दार धरून बसलो होतो. तिथे पाटीवर काय लिहिलंय हे वाचायला कोण थांबतंय!

नकाशा_मंजूर

बांधकाम परवानगीच्या कामात तीस वर्षं गेली, म्हणून थोडं लिहितो.

नव्या इमारतींचा नियम महापालिका एकटी बदलू शकत नाही. आपल्याकडे राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, डिसेंबर २०२० ची. तिच्यात फेरफार करायचा तर प्रस्ताव शासनाकडे जातो. राष्ट्रीय इमारत संहितेत कार्यालयासाठी २५ पुरुषांमागे एक आणि १५ स्त्रियांमागे एक संडास धरतात. तक्त्यात रकाने दोनच. नकाशावर कुणी 'सर्वांसाठी' अशी खोली दाखवली तर तपासणारा पहिलं विचारतो, ही कुणाच्या हिशेबात धरू? तिथेच ती खोली मरते. धायरीच्या ताईंची भीती म्हणून खोटी नाही. ही खोली बायकांच्या आकड्यातून वजा होणार नाही, असं नियमात स्पष्ट लिहिलं पाहिजे.

महापालिकेच्या स्वतःच्या इमारतींतल्या पाट्या बदलायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. शिवाय तुम्ही मागताय ती खोली बऱ्याच ठिकाणी बांधलेलीच आहे. दिव्यांगांसाठीची. आत चाकांची खुर्ची फिरवायला दीड मीटरचं वर्तुळ सोडावं लागतं, म्हणजे सोबतचा माणूसही मावतो. मी पाहिलेल्या निम्म्याअधिक ठिकाणी त्या वर्तुळात झाडू, फिनाइलचे कॅन आणि मोडक्या खुर्च्या होत्या.

रंगारी

मी तृतीयपंथी. इतका वेळ नुसती वाचत होते. इतक्या प्रतिसादांत आमचं नाव नाही, गंमत आहे.

१५ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आमच्यासाठी वेगळी सार्वजनिक स्वच्छतागृहं करा म्हणून सांगितलं. पुढे २०१९ चा कायदा आला, २०२० चे नियम आले. त्यात आस्थापनांमधल्या स्वच्छतागृहांसाठी सरकारला दोन वर्षांची मुदत होती, तीही २०२२ मध्ये उलटली. मी अजून कामावर सकाळचा चहा टाळते आणि पाणी घोट घोट पिते. बायकांच्या दारातून गेले तर ओरड होते. पुरुषांच्या दारात काय होतं ते इथे लिहिणार नाही.

तरी मला वेगळं दार नको. त्या दारातून एकदा आत गेले की साऱ्या कचेरीत बोभाटा. माझ्या गुरूंना हे पटत नाही. त्या म्हणतात, "कोर्टाने आपल्या नावाने दिलंय, आपल्या नावाची पाटी लागलीच पाहिजे. सर्वांसाठी म्हटलं की आपण परत त्या गर्दीत हरवलो." यावरून आमच्या घरात दोनदा वाजलंय.

लेकताई, तुमच्या बाबांच्या खोलीत मीही गेले तर चालेल ना?

पेठेतली_लेक

अहो, चालेल काय! बाबांना विचारलं मी आत्ता. ते म्हणाले, "आत कोण होतं हे मी कशाला बघू? जमीन कोरडी पाहिजे, माझा पाय घसरतो."

धायरीची_मनी

रंगारी, तुमच्यावर ओरडणाऱ्यांत मीही असू शकले असते, हे कबूल करते. मोठ्या स्वच्छतागृहात अचानक कुणी समोर आलं तर बाई दचकते, त्याला इलाज नाही. पण एका खोलीला एक कडी असेल, आणि नकाशावाले काका म्हणतात तसं आमच्या संख्येला धक्का लागणार नसेल, तर त्या एका खोलीपुरता विरोध सोडते. संख्या कमी केलीत तर मी परत येईन भांडायला.

दोन_चाकं

सगळे मिळून आमची खोली वाटून घेताय, एकदा आम्हालाही विचारा. मी चाकाच्या खुर्चीत असतो. तुम्हाला ती मिळाली नाही तर दुसरी दारं आहेत, मला ती एकच. 'सर्वांसाठी' लिहिलं की धडधाकट माणूस आत मोबाइल घेऊन बसणार आणि मी बाहेर. बाबांना माझी हरकत नाही, रंगारींनाही नाही. बाकीच्यांना आहे. आमच्या खोलीला हात लावू नका, दुसरी बांधा.

नकाशा_मंजूर

रास्त आहे. पण जुन्या इमारतीत दुसरी बांधायला जागा कुठून आणायची? तोवर 'दिव्यांग, वृद्ध, सोबती आणि तृतीयपंथी' असं चौघांपुरतं लिहिता येईल.

रंगारी

म्हणजे परत पाटीवर आलो आम्ही. गुरू खूश होतील.

दोन_चाकं

आधी कुलूप काढा. माझ्या नेहमीच्या कार्यालयातल्या त्या खोलीची किल्ली शिपायाकडे असते आणि तो दीड ते अडीच जेवायला जातो.