मदत हवी आहे: हलक्या एल बीअरमध्ये पीचचा स्वाद टिकवायचा कसा?

लोकहो, घरी बीअर करणारं कोणी आहे का इथे? २० लिटरची हलकी एल लावायचीय, निम्म्याहून जास्त पेल माल्ट (मोड आणून वाळवलेलं फिकट जव), बाकी गहू, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) अगदी नावाला, ओजी (यीस्ट टाकण्याआधीची घनता, म्हणजे ग्रॅव्हिटी) १.०४२ च्या आसपास आणि त्यात पीच. साधी एल जमते मला, घोडं अडतंय ते फळापाशी.

झालंय काय, फळातली साखर यीस्ट फस्त करतं, गोडवा जातो आणि आंबटपणा तेवढा मागे राहतो. त्यात पीच मुळातच लाजरं, रासबेरीसारखं ठसकेबाज नाही. छोट्या बरणीत फर्मेंट होत असलेली, उसळती बीअर काढून फोडी टाकून बघितल्या, एअरलॉकपाशी (वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेपाशी) नाक नेलं की वास काय सुंदर! पण तो सगळा तिथूनच उडून चाललाय ना, ग्लासात काय राहणार? चव घेतली तर नुसती आंबूस गव्हाची बीअर.

तर फळ टाकायचं कधी आणि किती? आणि प्लीज उकळायला सांगू नका, फळातल्या पेक्टिनने (जॅम घट्ट करणारा घटक) बीअर गढूळ होते आणि वर जॅमचा वास. इसेन्सही नको, खोकल्याच्या औषधासारखं लागतं.

प्रतिसाद:
मुख्य फर्मेंटेशन शांत झाल्यावरच टाका, आधी टाकलं तर कार्बन डायऑक्साइड वास घेऊनच बाहेर पडतो, तुमच्या बरणीत तेच झालंय. साल-बी काढून फोडी गोठवा, वितळल्या की रस आपोआप सुटतो. पण गोठवून जंतू मरत नाहीत हां, म्हणून गर ७० अंशांवर १५ मिनिटं ठेवा (उकळी नाही!), गार झाला की त्यात पेक्टिक एन्झाइम (पेक्टिन तोडणारं) घाला. पीचला लिटरमागे २०० ग्रॅम तरी लागतंच, म्हणजे तुम्हाला ४ किलो, भांड्यात वर जागा सोडा नाहीतर फेस छताला. आणि एक चोरवाट सांगतो, निम्मे जर्दाळू घाला, बीअरमध्ये पीचपेक्षा तेच जास्त पीचसारखे लागतात. बाटल्या भरायची घाई नको, ग्रॅव्हिटी दोन-तीन दिवस हलली नाही की मगच, नाहीतर बाटल्या फुटतात.

धागाकर्ता:
जर्दाळूचं डोक्यातच नव्हतं, भारी! ताजे नाही मिळाले तर सुके चालतील का? पाकिटावर सल्फाइट (फळ टिकवायला घालतात ते) लिहिलेलं असतं, यीस्टला मानवेल ना ते?